जागं राहायची नोकरी

अकोले तालुक्यात रेल्वेचा एक मीटरही रूळ नाही. गाडी बघायची तर राजूर, शेंडी, बारी करत घोटी गाठायची, नाहीतर संगमनेरमार्गे नाशिकरोडला जायचं किंवा श्रीरामपूरला. श्रीरामपूरच्या स्टेशनावर पाटी बेलापूरची, त्यामुळे नवखा माणूस पहिल्यांदा गोंधळतोच. पुणे-नाशिक रेल्वेचं घोंगडं संगमनेरच्या वेशीवर कित्येक वर्षं भिजत पडलंय. 235 किलोमीटरचा आराखडा झाला, जमिनी मोजल्या गेल्या, मग नारायणगावजवळच्या खोडदच्या महादुर्बिणीचा प्रश्न आला आणि मार्ग शिर्डीकडून वळवायची भाषा सुरू झाली. तो रूळ आपल्या हयातीत बघायला मिळेल की नाही यावर चहाच्या टपरीवर पैजा लागतात.

तरीही रेल्वेची जाहिरात आली की आमच्याकडचा आयटीआय झालेला प्रत्येक दुसरा मुलगा फॉर्म भरतो. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, डिझेल मेकॅनिक, कुणीही. ‘एएलपी’ म्हणजे असिस्टंट लोको पायलट, साध्या भाषेत गाडीचा सहायक ड्रायव्हर. घरात कुणी इंजिनाला हात लावलेला नसतो. गाव सोडून लांब जायचं, पगार सरकारी, आणि पोरगं ‘रेल्वे चालवतं’ असं सोयरिकीच्या बैठकीत सांगता येतं, एवढ्यावर निर्णय होतो. ही नोकरी मिळते कशी आणि मिळाल्यावर माणसाकडून काय मागते, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. रेल्वे ड्रायव्हरचे डोळे तपासते, मेंदू तपासते, श्वासही तपासते. त्याची झोप मात्र सर्वांत शेवटी मोजते, आणि सगळं अडतं ते तिथेच.

रूळ नसले तरी अकोल्याचा आणि रेल्वेचा एक जुना, कुणाच्या फारसा ध्यानात नसलेला धागा आहे. भंडारदऱ्याच्या धरणाला आपण विल्सन डॅम म्हणतो. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी डिसेंबर 1926 मध्ये त्याचं उद्घाटन केलं. त्यानंतर दोनेक वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने घाटात मालगाड्या ओढायला विजेची अवजड इंजिनं आणली, आणि त्यांतल्या एकाला नाव दिलं ‘सर लेस्ली विल्सन’. ते इंजिन आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. घाटातल्या लोकांनी साहेबाचं नाव बाजूला ठेवून या इंजिनांना ‘खेकडा’ म्हटलं. मधे सांधे असलेलं लांबुळकं धड, डोलत चालायची रीत आणि उभं असताना निघणारा विचित्र कण्हल्यासारखा आवाज, यांमुळे ते नाव पक्कं चिकटलं. खेकड्याची खरी करामत उतारावर दिसायची. घाट उतरताना त्याच्या मोटरी उलट जनित्राचं काम करत, गाडी आवरून धरत आणि तयार झालेली वीज वर तारेत परत सोडत. खाली येणारी गाडी वर चढणाऱ्या गाडीला हातभार लावायची.

कळसूबाईच्या पलीकडचा थळ घाट, ज्याला आता सगळे कसारा घाट म्हणतात, 1865 च्या जानेवारीत वाहतुकीला खुला झाला. कसारा ते इगतपुरी हे जेमतेम पंधरा किलोमीटरचं अंतर, पण चढ सदतीसास एक. सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. एसटीने घाट चढणाऱ्याला हे काहीच वाटणार नाही. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक असताना मात्र हा चढ देशातल्या मुख्य मार्गांवरच्या सर्वांत अवघड चढांत मोडतो.

गाडी चालवणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला कसाऱ्यासारखी जागा नाही. मुंबईहून आलेली मेल तिथे थांबते. प्रवासी वडापाव शोधत असतात, तेवढ्यात शेवटच्या डब्यामागून जादा इंजिनं सावकाश येऊन टेकतात. हे बँकर. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. चोवीस डब्यांचा सगळा भार पुढच्या एकाच कपलिंगवर आला तर ते तुटायची भीती, आणि तुटलंच तर मागचे डबे घसरत कसाऱ्याकडे येणार. म्हणून ढकलणारा मागेच हवा. बँकरच्या ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसत नाही, समोर असते ती फक्त शेवटच्या डब्याची पाठ. पुढच्याने जोर कधी लावला, कधी कमी केला, हे पूर्वी शिट्टीच्या ठरलेल्या खुणांनी कळायचं, आता वॉकीटॉकीवर कळतं. इगतपुरी आली की बँकर सुटतात आणि मोकळेच परत कसाऱ्याला उतरतात, पुढच्या गाडीसाठी.

चढापेक्षा उतार कठीण. बोगीखालच्या ब्रेकच्या नळीत हवेचा दाब पाच किलो असतो. तो कमी केला की ब्रेक लागतात, पुन्हा भरला की सुटतात. पण नळी भरायला वेळ लागतो. उतारावर धांदरटपणे ब्रेक लाव-सोड करत बसलं तर हवा संपत जाते आणि ऐन वेळी हाताशी ब्रेकच उरत नाही. म्हणून घाट उतरण्याआधी गाडी थांबवून ब्रेकची तपासणी होते. घाटात कॅच सायडिंगही असते: मुख्य मार्गातून फुटून चढावर संपणारा एक आंधळा रूळ. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, ती ताब्यात आहे हे सिद्ध करायचं, मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो. थांबता आलं नाही तर गाडी त्या आंधळ्या रुळावर जाऊन चढावर दम सोडते. गाडी पळवायचं काम मोटरी करतात. ड्रायव्हरचं कसब पाहायचं ते थांबवण्यात.

या मार्गावर आता बँकर न लागणाऱ्या गाड्याही आल्या आहेत. 2019 पासून नाशिकमार्गे जाणाऱ्या राजधानीला पुढे-मागे इंजिनं असतात, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झालेली शिर्डीची वंदे भारत स्वतःच्याच मोटरींवर घाट चढते. वाचलेल्या मिनिटांची जाहिरात होते. बँकरवाल्यांची कधी झाली नाही.

वाफेच्या जमान्यावर फार रेंगाळत नाही, कारण त्याच्या आठवणी लिहून ठेवणारे पुष्कळ आहेत. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली तेव्हापासून कित्येक दशकं मेल गाडीचं इंजिन गोऱ्या किंवा अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्याच हाती असायचं. आपला माणूस कोळसा टाकायला. खलाशी, फायरमन, मग शंटर अशा पायऱ्या चढत तो ड्रायव्हर होईपर्यंत केस पिकायचे. तेव्हा शिक्षण इंजिनावरच व्हायचं, अंगावर ठिणग्या घेत. आज दार वेगळं आहे, ते परीक्षेचं.

जानेवारी 2024 मध्ये एएलपीच्या 5,696 जागा निघाल्या आणि जूनमध्ये त्याच भरतीचा आकडा 18,799 वर गेला. मधल्या काळात नेमकं काय झालं, हे सगळ्या देशाने पाहिलं. त्याकडे पुढे येतो. दहावी आणि आयटीआय, किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, एवढी पात्रता. पहिली परीक्षा तासाभराची, पंचाहत्तर प्रश्नांची, ती फक्त चाळणी. दुसरीत दोन भाग: शंभर प्रश्नांचा गणित-बुद्धिमत्ता-विज्ञानाचा, आणि आपापल्या ट्रेडचा पंचाहत्तर प्रश्नांचा. या दोन्ही परीक्षा मराठीतून देता येतात, आणि हे आमच्या मुलांना अजूनही कुणीतरी सांगावं लागतं. खरी गाठ पडते ती तिसऱ्या टप्प्यावर, संगणकावरच्या अभियोग्यता चाचणीत. तिचे प्रश्न फक्त हिंदी-इंग्रजीत, आणि तिथे पाठांतर उपयोगाचं नाही. आकडे-आकृत्या क्षणभर दाखवून लपवतात, किती लक्षात राहिल्या ते विचारतात. अंतराचा अंदाज, एकाग्रता, नजरेचा वेग तपासतात. प्रत्येक तुकड्यात किमान 42 चा स्कोअर लागतो, एकात जरी घसरलात तरी बाहेर. गुणवत्ता यादीत तिचं वजन तीस टक्के. पुस्तकांचा रट्टा मारून पहिल्या दोन परीक्षा काढणारी हुशार पोरं इथे पडतात आणि बांधावरून पाखरं राखलेलं एखादं सरळ वर जातं, याचं मला तरी फार नवल वाटत नाही.

मग डोळे. वैद्यकीय दर्जा ‘ए-वन’ लागतो. चष्म्याशिवाय दोन्ही डोळे सहावर सहा, रंगांची ओळख पक्की, रात्रीची नजर ठीक. लेझरने नंबर काढून घेतलेला असेल तर उमेदवार थेट अपात्र. शहरातल्या दवाखान्यात हजारो रुपये भरून चष्मा घालवून आलेल्या मुलाला हे शेवटच्या टप्प्यावर कळतं तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. जाहिरातीत हे स्पष्ट छापलेलं असतं, पण सत्तर पानी जाहिरात वाचतो कोण? डोळ्यांची ही पाठराखण नोकरीभर चालते. पंचेचाळीस वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी आणि पंचावन्ननंतर दरवर्षी तपासणी. नापास झालात तर इंजिनावरून उतरून दुसऱ्या कामावर.

निवड झाली की प्रशिक्षण. मध्य रेल्वेचं मोठं प्रशिक्षण केंद्र भुसावळला आहे, आणि विजेच्या इंजिनाचं शिक्षण देण्यात कल्याणचं नाव जुनं. वर्गात नियमांची पुस्तकं, शेडमध्ये इंजिनाचं पोट उघडून दाखवणं, सिम्युलेटरवर सराव. पण आपण समजतो तशी ही नोकरी ‘गाडी शिकलो, आता कुठेही चालवतो’ अशी नाही. ड्रायव्हरला इंजिनाबरोबर रस्ताही शिकावा लागतो. कुठल्या वळणामागे सिग्नल लपलाय, कुठे उतार सुरू होतो, कुठल्या फाटकाजवळ गुरं रुळावर येतात, हे जुन्या ड्रायव्हरबरोबर फेऱ्या मारून, रात्री आणि दिवसा दोन्ही वेळा बघून अंगात मुरवायचं. मग त्या मार्गाखाली सही करायची: हा रस्ता मला येतो. सही नसेल त्या मार्गावर मुरलेला मेल ड्रायव्हरसुद्धा गाडी एकट्याने नेऊ शकत नाही.

पगाराची सुरुवात सातव्या आयोगाच्या दुसऱ्या स्तरावर, मूळ वेतन 19,900. मालगाडीचा लोको पायलट झालात की सहावा स्तर, 35,400. गंमत अशी की पुढे पॅसेंजर आणि मग मेल-एक्सप्रेस मिळाली तरी स्तर तोच राहतो. वर माइलेज, म्हणजे किलोमीटरवर मिळणारा भत्ता, आणि त्यामुळे हातात येणारी रक्कम सारख्या दर्जाच्या बाबूपेक्षा बरीच जास्त. मग माणूस मेलसाठी का झुरतो? मेल वेळापत्रकाने पळते. मालगाडी कधी सुटेल, कुठल्या लूपमध्ये किती तास उभी राहील, हे कुणालाच माहीत नसतं. बढतीची खरी कमाई म्हणजे घरी जेवायची वेळ कळणं.

ड्यूटी लॉबीत, म्हणजे ड्रायव्हरांच्या हजेरीच्या खोलीत, सुरू होते. पूर्वी रात्री-अपरात्री कॉलबॉय वही घेऊन क्वार्टरचं दार ठोठवायचा, सही घ्यायचा. आता फोन येतो. लॉबीत श्वासाची तपासणी, संगणकावर हजेरी, कुठे वेग कमी करायचा त्याची कॉशन ऑर्डर, मग इंजिन. गाडी निघाली की दोघांचं एक अखंड संभाषण सुरू होतं, आणि ते बाहेरच्याला वेड्यासारखं वाटेल. सिग्नल दिसला की सहायक हात करून मोठ्याने पुकारतो, ड्रायव्हर तेच परत म्हणतो. डबल यलो. डबल यलो. दोघांनीही बघितलं, याची ती पावती. शंभरावर वेग असलेली गाडी थांबायला किलोमीटरभर घेते, त्यामुळे लाल दिसल्यावर ब्रेक लावायचा ही कल्पना सोडायची. थांबायची तयारी दोन पिवळ्यांपासून सुरू होते. लाल ओलांडला तर निलंबन ठरलेलं, आणि पुढे नोकरीही जाऊ शकते. तीस वर्षांत एकदाच, चार डबे लांबीची चूक, तरीसुद्धा.

याशिवाय कॅबमध्ये एक तिसरा पहारेकरी असतो, जागरूकता तपासणारं यंत्र. साठ सेकंदांत ड्रायव्हरने हॉर्न, ब्रेक, वेगाचं हँडल यांतल्या कशालाही हात लावला नाही तर दिवा लुकलुकतो, आठ सेकंदांनी बझर वाजतो, आणखी आठ सेकंदांनी गाडीला आपोआप ब्रेक लागतो. रात्रभर मिनिटामिनिटाला ‘मी जागा आहे’ असं यंत्राला कळवत राहायचं. जुन्या लोकांचा अनुभव असा की पहाटे तीन ते पाच या वेळेत हात बटण दाबत असतो आणि डोळे उघडे असतात, पण मधला माणूस जागेवर असतोच असं नाही. यंत्राला हात दिसतो, माणूस दिसत नाही.

इथून झोपेचा हिशोब. गाडी चालवण्याचे सलग तास साधारण नऊपेक्षा जास्त नसावेत, आणि सहीपासून सहीपर्यंत अकरा, असा आजचा नियम. आठ तासांवर काम झालं असेल तर मुख्यालयात सोळा तास विश्रांती, बाहेरगावच्या रनिंग रूमवर, म्हणजे रेल्वेच्या विश्रांतिगृहात, आठ. साप्ताहिक सुट्टी म्हणाल तर महिन्यात तीस तासांच्या चार किंवा बावीस तासांच्या पाच विश्रांती. ड्रायव्हरांच्या संघटनेचं म्हणणं साधं आहे. सोळा तास हे रोजच्या कामानंतरचे, तीस तास हे आठवड्याचे, तेव्हा बेरीज सेहेचाळीस झाली पाहिजे, एकात दुसरं मुरवू नका. शिवाय सलग चार रात्री गाडी हाकायला लावू नका, दोनच ठेवा. 2024 च्या जूनमध्ये दक्षिण रेल्वेत, विशेषतः केरळात, ड्रायव्हरांनी हा हिशोब स्वतःच अमलात आणला. सेहेचाळीस तास पूर्ण झाल्याशिवाय कामावर आलेच नाहीत. कारवाया झाल्या.

हे भांडण नवीन नाही. 1973 मध्ये लोको रनिंग स्टाफने संप केला तो दिवसाला दहा तासांच्या कामासाठी. तोवर चौदा-सोळा तास इंजिनावर जाणं रोजचं होतं. त्या ऑगस्टमध्ये सरकारने दहा तासांचं तत्त्व मान्य केलं, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली वीस दिवसांचा देशव्यापी संप झाला त्याच्या ठिणग्या इथल्याच. त्या संपात मनमाड, भुसावळ, इगतपुरीच्या रेल्वे वसाहतींनी काय भोगलं हे त्या पिढीला विचारावं. पन्नास वर्षांनंतरही वाद तासांचाच आहे.

आणि जून 2024 मध्येच, 17 तारखेला, बंगालमध्ये रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसवर मागून आदळली. मालगाडीचा ड्रायव्हर जागीच गेला. काही तासांतच त्याने सिग्नल पाळला नाही असं जाहीर करून टाकण्यात आलं. पुढे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत चित्र वेगळं निघालं. सिग्नल बिघडलेले होते, त्यांना ओलांडायचा चुकीचा कागद दिला गेला होता आणि अशा वेळी किती वेगाने जायचं याचं प्रशिक्षणच नीट झालेलं नव्हतं. त्याच आठवड्यात भरतीचा आकडा तिपटीहून वर गेला. रिकाम्या जागांचा भार आधी कोण वाहत होतं, हे वेगळं सांगायला नको.

बायकांच्या बाबतीत महाराष्ट्र पुढे राहिला, तो एका सातारकर मुलीमुळे. सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला, 1986 मध्ये निवड, 1989 मध्ये सहायक ड्रायव्हर. पुढे मालगाडी, घाटातली इंजिनं, 8 मार्च 2011 ला डेक्कन क्वीन, मार्च 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. सप्टेंबर 2025 मध्ये त्या निवृत्त झाल्या, आणि त्यांची शेवटची गाडी होती राजधानी, इगतपुरी ते मुंबई. म्हणजे शेवटच्या दिवशी त्या उतरल्या तो आमच्या कळसूबाईमागचाच घाट. दुसऱ्या मुमताज काझी, त्या 1991 मध्ये डिझेल इंजिनावर आल्या. या दोघींनी कारकीर्दीची कित्येक वर्षं ज्या कॅबमध्ये काढली तिथे शौचालय नव्हतं. 2025 पर्यंत काही शे इंजिनांत ते बसलंय, इंजिनं मात्र हजारोंनी आहेत. जेवणासाठी आणि लघवीसाठी ठरावीक विराम नियमातच घालावा ही मागणी रेल्वेने एप्रिल 2025 मध्ये व्यवहार्य नाही म्हणून बाजूला ठेवली. पुरुष कसंबसं निभावतात. बायका ड्यूटीआधीपासून पाणीच पीत नाहीत.

आणखी एका गोष्टीचं प्रशिक्षण कुठल्याच वर्गात मिळत नाही. 8 मे 2020 ला पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. लॉकडाऊन होता, गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं. ड्रायव्हरला माणसं दिसली, त्याने हॉर्न दिला, ब्रेक लावला, आणि मग पुढचे क्षण फक्त बघत बसला. मालगाडीला वळायची सोय नसते. गुरं, आत्महत्या, फाटक चुकवून पळणारे दुचाकीवाले, अशा प्रसंगांतून गेलेला नाही असा जुना ड्रायव्हर सापडायचा नाही. बहुतेक जण पुढच्या स्टेशनवर मेमो देतात आणि गाडी पुढे नेतात.

‘कवच’ यंत्रणा आता मार्गांवर टप्प्याटप्प्याने बसते आहे. लाल सिग्नल ओलांडू लागलं तर ती गाडीला स्वतःच आवरते. ते फार चांगलं होईल. फक्त कवच आलं म्हणून रात्रींची संख्या वाढवायला कुणी बसू नये.

आमच्याकडच्या ज्या मुलांना पुढचा फॉर्म भरायचाय त्यांनी क्लास लावायच्या आधी एक घरगुती चाचणी करून बघावी. गावात सप्ता बसलेला असावा. सलग चार रात्री जागायचं, मोबाईल न बघता, शेतावर पाण्याच्या पाळीला जाऊन आलात तरी चालेल. रोज सकाळी घरी येऊन अंघोळ करायची आणि मंदिरावरचे भोंगे चालू असताना, पत्रा तापलेला असताना, पाहुणे ओसरीवर चहा पीत असताना दुपारी बारा ते सात गाढ झोपून दाखवायचं. पाचव्या दिवशी आईला विचारायचं, आपण किती वेळा तिच्यावर उगाच खेकसलो.